मोलकरणीचा कॉर्सेट

‘गॉन विथ द विंड’ हा १९३९ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यातलं एक दृश्य हमखास आठवत असेल. नायिका स्कार्लेट पलंगाचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी आहे आणि तिची गुलाम दाई मॅमी मागून तिच्या कॉर्सेटची नाडी ओढते आहे. कॉर्सेट म्हणजे छातीपासून ओटीपोटापर्यंत अंगाला घट्ट बसणारं, आत पट्ट्या घालून ताठ केलेलं आणि पाठीवर नाडीने आवळायचं वस्त्र. जुन्या काळातल्या गोऱ्या बायका म्हटलं की बहुतेकांच्या मनात हेच चित्र उभं राहतं. मुठीत मावेल अशी कंबर हवी म्हणून श्वास कोंडून घेणारी, अधूनमधून भोवळ येऊन पडणारी श्रीमंताघरची हट्टी मुलगी!

पण त्या दृश्यात बायका दोन आहेत. एक नाडी आवळून घेणारी आणि दुसरी ती आवळून देणारी. मग दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या बाईच्या कॉर्सेटची नाडी कोण आवळत होतं?

कॉर्सेट केवळ राण्यांचा आणि जमीनदारांच्या मुलींचा होता, असा समज असेल तर हा प्रश्नच पडत नाही. खरी गोष्ट वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये गिरणीत जाणारी मुलगी, दुकानात उभी राहणारी मुलगी, शेतकऱ्याची बायको आणि दुसऱ्याची धुणीभांडी करणारी मोलकरीण, या सगळ्याजणी कॉर्सेट घालत. छातीला आधार देणारं दुसरं वस्त्रच तेव्हा नव्हतं. ब्रेसियर यायला अजून अवकाश होता. शिवाय कमरेला एकावर एक बांधलेले दोन-तीन परकर आणि वरचा जाड झगा, हे सगळं ओझं नुसत्या नाड्यांवर पेललं तर कमरेची कातडी सोलून निघायची. कॉर्सेटमुळे ते वजन कमरेभोवती आणि पोटावर पसरत असे. परकराची नाडी दिवसभर काचल्यावर संध्याकाळी कमरेवर उठलेला लाल वळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

१८९१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये घरकामाच्या नोकरीत १३ लाखांहून अधिक स्त्रियांची नोंद झाली. त्यांचे कॉर्सेट गेले कुठे? वस्तुसंग्रहालयांत दिसतात ते बहुधा रेशमी. कुणाच्या लग्नातला, कुणी हौसेने पेटीत जपून ठेवलेला. रोजच्या कामाचा कॉर्सेट मात्र उसवेपर्यंत वापरला जायचा, ठिगळं लावून पुन्हा वापरला जायचा आणि शेवटी चिंध्यांत जायचा. गरिबांचे कपडे मागे राहत नाहीत, कारण ते पूर्ण वापरून होतात.

एक मात्र राहिला आहे. इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यात मार्केट हार्बरो नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे सिमिंग्टन बंधूंचा कॉर्सेटचा मोठा कारखाना होता. १८८९च्या सुमारास उभारलेली त्याची भव्य विटांची इमारत आजही गावाच्या मध्यावर उभी असून आता तिच्यात वाचनालय आणि संग्रहालय आहे. या कारखान्याने १८९०च्या आसपास एक स्वस्त कॉर्सेट बाजारात आणला आणि त्याला नाव दिलं ‘प्रिटी हाउसमेड’. म्हणजे ‘देखणी मोलकरीण’! जाहिरातीचा भर होता तो बळकट आणि स्वस्त असण्यावर. कारखान्याने आपल्या मालाचे नमुने जपून ठेवले होते, पुढे ते लेस्टरशायरच्या संग्रहालय विभागाकडे आले. म्हणून हा कॉर्सेट आज पाहायला मिळतो. तो कुणा मोलकरणीच्या ट्रंकेतून आलेला नाही. मोलकरणीच्या ट्रंकेतून आला असता तर आलाच नसता.

जुन्या पोशाखांच्या हुबेहूब प्रतिकृती शिवणाऱ्या बायका युरोप-अमेरिकेत बऱ्याच आहेत. कुणी नाटकाच्या कपडेपटात काम करते, कुणी संग्रहालयात, तर कुणी नोकरी-संसार सांभाळून केवळ छंद म्हणून शिवते. त्यांतल्या बहुतेकींना आधी मोह होतो तो रेशमी, जरतारी कॉर्सेटचा. काहीजणी मात्र हा मोलकरणीचा कॉर्सेट निवडतात. जिल सेलन यांच्या २००८ सालच्या जुन्या कॉर्सेटवरच्या पुस्तकात त्याचा आराखडा चौकटींच्या कागदावर दिलेला आहे, त्यामुळे काम थोडं सोपं झालं आहे. थोडंच, कारण खरी परीक्षा पुस्तक मिटल्यावर सुरू होते.

पहिली अडचण मापांची. आराखडा एका विशिष्ट शरीराचा असतो आणि शिवणारीचं शरीर दुसरंच असतं. सरसकट सगळ्या तुकड्यांना चहूबाजूंनी अर्धा इंच वाढवून चालत नाही. छातीशी किती, कमरेशी किती, नितंबांशी किती आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे छातीपासून कंबर किती खाली, हे एकेका तुकड्यात वाटून द्यावं लागतं. ब्लाऊज बेतताना शिंपी शिलाईत माया सोडतो, पुढेमागे बाई जाड झाली तर उसवून वाढवता यावं म्हणून. कॉर्सेटमध्ये उलट हिशेब. तो शरीराच्या मापापेक्षा मुद्दामच लहान बेततात आणि पाठीवर दोन कडांमध्ये दोन-तीन इंचांची फट राहील असं पाहतात. नाडी त्या फटीवरून जाते. बाई बारीक झाली तर फट कमी, जाड झाली तर फट जास्त. एका कॉर्सेटमध्ये वर्षानुवर्षं निभावून जायचं.

ही फट लक्षात ठेवली तर अठरा इंची कमरेच्या कथांमधली बरीच हवा निघून जाते. संग्रहालयातला कॉर्सेट पूर्ण मिटून मोजला तर जे माप येतं, ते कॉर्सेटचं असतं. तो घालणाऱ्या बाईची कंबर त्याहून दोन-तीन इंच जास्त असू शकते. व्हॅलरी स्टील यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॉर्सेटच्या इतिहासात याच सिमिंग्टन संग्रहाचा दाखला दिला आहे. तिथल्या १९७ कॉर्सेटपैकी अठरा इंची फक्त एक निघाला, एकोणीस इंची ११ आणि बाकीचे बहुतेक २० ते २६ इंचांचे. कमरेच्या बरगड्या काढून टाकल्याच्या गोष्टीही अशाच चवीने सांगितल्या जातात. त्यांना पुरावा नाही. भूल देऊन शस्त्रक्रिया करायचा पहिला जाहीर प्रयोग १८४६चा, जंतुनाशक वापरून जखमा सांभाळायची लिस्टरची पद्धत १८६७ची. त्या काळात हौसेखातर छाती उघडून घ्यायला कोण तयार झालं असतं?

तेव्हा मापं घेऊन झाली की मांजरपाटाचा कच्चा नमुना. त्यावर तात्पुरत्या पट्ट्या चिकटवायच्या, मागे नाडीची सोय करायची आणि अंगात घालून आरशासमोर उभं राहायचं. इथे बऱ्याचजणींचा धीर खचतो. काखेखाली आडवी चुणी पडली तर कमरेची रेषा चुकीच्या उंचीवर आहे. वरची कड अंगापासून सुटत असेल तर छातीशी कापड जास्त झालं. बसल्यावर खालची कड मांडीत रुतत असेल तर लांबी कमी करायला हवी. खुणा करायच्या, उसवायचं, पुन्हा बेतायचं. एका कॉर्सेटसाठी तीन-चार कच्चे नमुने होणं ही नित्याची गोष्ट आहे. घरच्यांना वाटतं, अजून शिवायला सुरुवातच नाही!

मग कापड. कॉर्सेटसाठी कूटिल नावाचं खास सुती कापड येतं. माशाच्या काट्यासारखी बारीक तिरपी वीण, घट्ट आणि न ताणणारं. ते मिळालं नाही तर ड्रिल चालतं, शाळेच्या खाकी गणवेशाचं असतं ते. ताणणारं कापड मात्र कामाचं नाही. एका आठवड्यात दोन इंच सैल झालेल्या कॉर्सेटला अर्थ काय? ताणा-बाणा पाहून प्रत्येक तुकडा सरळच बेतावा लागतो. कुठे उरेब आलं की तो भाग नाडी ओढताच वेडावाकडा होतो.

आणि आता या कॉर्सेटची गंमत. श्रीमंतांच्या कॉर्सेटला ताठपणा यायचा तो व्हेलबोनमुळे. नावात ‘बोन’ असलं तरी ते हाड नव्हे. काही जातींच्या देवमाशांच्या तोंडात वरच्या जबड्याला झालरीसारख्या पट्ट्या लोंबतात, आपल्या नखांच्या जातीच्या. त्या चिरून कॉर्सेटमध्ये घालत. अंगाच्या उबेने त्या हळूहळू शरीराचा आकार घेत, हा त्यांचा मोठा गुण. या गुणापायी आणि तेलापायी देवमाशांची इतकी शिकार झाली की एकोणिसावं शतक सरता सरता पट्ट्या सोन्याच्या भावाला गेल्या. अमेरिकेत मिशिगनमध्ये एडवर्ड वॉरन नावाच्या दुकानदाराने १८८३ साली टर्कीच्या पिसांच्या दांड्यांपासून पर्याय काढला. पोलादी पट्ट्या तर आधीपासून होत्याच. व्यापारासाठी देवमासे मारण्यावर १९८६पासून आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली. आजच्या शिवणाऱ्या बायका जर्मनीत बनणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या वापरतात, किंवा सरळ इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायरी बांधायच्या रुंद केबल टाय आणतात आणि टोकं कापून, गोल घासून आत सरकवतात. बाहेरून काही कळत नाही.

‘देखणी मोलकरीण’ला मात्र देवमासा परवडणारा नव्हता. तिच्यात बऱ्याच ठिकाणी पट्ट्यांऐवजी दोऱ्या भरलेल्या आहेत. ब्लाऊजच्या गळ्याला पायपिंग करताना आत सुती दोरी घालतात ना, तशीच दोरी, पण एकाशेजारी एक, ओळीने. कापडाचे दोन थर घ्यायचे, त्यांच्यात दोरी ठेवायची, तिला अगदी चिकटून टीप मारायची, की पुढची दोरी, पुन्हा टीप. एक दोरी बोटाने सहज वाकते. दहा दोऱ्या एकमेकींना खेटून शिवल्या की कापड पुठ्ठ्यासारखं उभं राहतं आणि तरीही थोडं वाकतं. पट्टी मोडू शकते. दोरी मोडत नाही.

काम मात्र कंटाळा आणणारं आहे. रेघ जरा हलली तर दोरी सैल पडते आणि त्या जागी ताठपणा येत नाही. सुई दोरीवरच चढली तर दोरी चिरते. रिळामागून रिळं संपतात. आणि एक गोष्ट तर पहिल्यांदा शिवणारीला चकवतेच. दोऱ्या भरत गेलं की कापड आक्रसतं, कारण प्रत्येक दोरीला वळसा घालण्यात थोडं कापड खर्च होतं. आधी तुकडा बेतला आणि मग दोऱ्या भरल्या तर तुकडा रुंदीला अपुरा पडतो. म्हणून शहाणी शिवणारी आधी मोठ्या कापडावर दोऱ्या भरून घेते आणि मग त्यातून तुकडा बेतते. एका संध्याकाळी हाताच्या तळव्याएवढा भाग झाला तरी पुष्कळ. मान अवघडते, पाय मशीनवर थकतो. मार्केट हार्बरोच्या कारखान्यात यंत्रांच्या लांबच लांब रांगांसमोर बसून हेच काम करणाऱ्यांतही मुख्यतः बायकाच होत्या. एका राबणाऱ्या बाईचं वस्त्र दुसऱ्या राबणाऱ्या बाईने शिवलेलं. हातात कापड घेऊन बसल्याशिवाय ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे ध्यानात येत नाही.

तुकडे जोडून झाले की आतल्या बाजूने कमरेवर एक मजबूत फीत आडवी शिवतात. नाडीचा सगळा ताण तीच घेते, नाहीतर शिलाया उलगडायला वेळ लागत नाही. दोऱ्यांच्या टोकांशी आणि कडांना पट्टी लावायची. पट्ट्या असतील तिथे त्यांची टोकं कापड फाडून बाहेर येऊ नयेत म्हणून रेशमी धाग्याचे बळकट टाके घालतात, ते इतके सुबक असतात की पाहणाऱ्याला नुसतं भरतकाम वाटावं.

यानंतर येतो बस्क. हा पोलादाचा, समोरच्या बाजूला उभा बसवायचा, दोन भागांचा. एका पट्टीवर छोटी बटणं, दुसरीवर तितकीच कडी. कड्यांच्या बाजूची शिलाई मारताना कड्यांपुरती जागा मोकळी सोडायची. बटणांच्या बाजूला कापड कापायचं नाही, टोच्याने धागे बाजूला सारून भोक पाडायचं आणि बटण त्यातून बाहेर काढायचं. कापलं तर भोक वाढत जातं. दोन्हीकडच्या खुणा एका केसाने चुकल्या तर पुढचा भाग वरखाली होतो. मागे पितळी आयलेट ठोकायचे, त्यांच्यात नाडी ओवायची. वरून एक, खालून एक अशी नाडी ओवत कमरेपर्यंत आणतात आणि तिथे दोन मोठे फास मोकळे सोडतात.

आणि सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर या दोन फासांत आहे. पूर्वीचा कॉर्सेट समोरून उघडत नसे. घालताना दर वेळी पाठीवरची नाडी ओवायची, काढताना सोडवायची, दुसऱ्या कुणाचा हात लागायचाच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन भागांत उघडणारा बस्क रुळला आणि हे सगळं बदललं. नाडी सैल करायची, कॉर्सेट अंगाभोवती घ्यायचा, समोर बटणं कड्यांत अडकवायची आणि मग दोन्ही हात मागे नेऊन ते फास ओढायचे, गाठ मारायची. दोन मिनिटांचं काम. पहाटे अंधारात, माळ्यावरच्या थंडगार खोलीत, सगळं घर झोपलेलं असताना मोलकरीण आपली नाडी आपणच आवळत होती.

स्वतःची नाडी स्वतः आवळणारीला एक फायदा असतो. किती आवळायची ते तीच ठरवते. पलंगाचा खांब धरून दुसरीकडून ओढून घेताना जो जोर लागतो, तो स्वतःचे हात पाठीमागे नेऊन लावताच येत नाही. करून पाहिलं की कळतं. शिवणारी पहिल्यांदा आपला कॉर्सेट घालते तेव्हा कंबर एखाद-दोन इंचांनीच कमी होते. लगेच दिवसभर घालायचा नसतो. पहिले काही दिवस तास-दोन तास, जरा सैलच. नव्या चपलेसारखा तोही अंगाला सरावावा लागतो आणि अंग त्याला.

मग काहीजणी तो घालून खरोखरच घरकाम करून पाहतात. केर काढतात, जिने चढतात, गुडघ्यांवर बसून फरशी पुसतात. तेव्हा बऱ्याच गोष्टी उलगडतात. पाठीची कमान करून वाकता येत नाही. जमिनीवरची वस्तू उचलायची तर गुडघे वाकवून खाली बसावं लागतं किंवा पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या सांध्यातून झुकावं लागतं. पाण्याची बादली उचलताना पाठीला टेकण मिळाल्यासारखं वाटतं. श्वास पोटातून न जाता छातीत वरवर चालतो. त्यामुळे चालायला काही वाटत नाही, पण जिना धावत चढलं की धाप लागते. पोटभर जेवता येत नाही, थोडं थोडं खावं लागतं. बसताना पाठ टाकून आरामात रेलता येत नाही. आणि उन्हाळ्यात घाम! कॉर्सेटच्या आत पातळ सुती शेमीज घालायचंच, कारण पोलादामुळे कॉर्सेट धुता येत नाही, धुवायचं असतं ते शेमीज.

त्या काळच्या मोलकरणीचं काम काय होतं, तेही आठवायला हवं. तळघरातून कोळशाच्या बादल्या दोन-तीन मजले वर न्यायच्या, राख खाली आणायची, शेगड्यांच्या लोखंडी जाळ्या काळ्या पॉलिशने घासून चकचकीत करायच्या, आंघोळीचं गरम पाणी डब्यांतून वर पोचवायचं, दारासमोरच्या दगडी पायऱ्या रोज खरवडून धुवायच्या. दिवसातले कित्येक तास गुडघ्यांवर. गुडघ्याच्या वाटीपुढे पाणी धरून सूज येते, त्या दुखण्याला इंग्रजीत आजही ‘हाउसमेड्स नी’ म्हणजे ‘मोलकरणीचा गुडघा’ म्हणतात. वैद्यकाच्या पुस्तकात मोलकरणीचं नाव चिकटलं ते गुडघ्याला, बरगडीला नाही.

सिमिंग्टनने या कॉर्सेटचा बस्क खास मजबूत केला होता, त्याचं कारणही कामातच सापडतं. दिवसभर उठबस करणाऱ्या बाईचा बस्क कमरेशी मोडायचा आणि पोलादाचं टोक पोटात टोचायचं. त्या काळच्या कॉर्सेटच्या जाहिराती न मोडणाऱ्या बस्कची ग्वाही देताना दिसतात ती उगीच नाही. दिवाणखान्यात नुसतं बसून राहणाऱ्या बाईचा बस्क कशाला मोडेल?

याचा अर्थ कॉर्सेट निर्दोष होता असा मुळीच नाही. फ्रेंच डॉक्टर लुदोविक ओफॉलोवेल यांनी १९०८ साली कॉर्सेट घातलेल्या बायकांच्या छातीची क्ष-किरण चित्रं छापली, त्यांत खालच्या बरगड्या आत दबलेल्या दिसतात. लंडनमध्ये १८८१ साली काही स्त्रियांनी पुढाकार घेऊन सुटसुटीत पोशाखासाठी संस्थाही काढली होती. त्यांची तक्रार खोटी नव्हती. वाढत्या वयाच्या मुलीला लहानपणापासून आवळत नेलं, गरोदरपणातही बाहेरच्या दिखाव्यासाठी सैल सोडलं नाही, तर व्हायचे ते परिणाम होणारच. वर्षानुवर्षं कॉर्सेट घालणाऱ्या बाईच्या पाठीचे स्नायू आळशी होतात आणि मग तो काढला की पाठ दुखते, हेही खरं. प्रतिकृती शिवणाऱ्या काहीजणी कॉर्सेटच्या इतक्या प्रेमात पडतात की त्याविरुद्ध ऐकून घ्यायला तयार होत नाहीत. ते काही बरोबर नाही. त्यांना तो संध्याकाळी काढून कपाटात टांगता येतो. १८९० साली मोलकरणीला ती मुभा नव्हती. कॉर्सेटशिवाय मालकिणीसमोर उभं राहणं म्हणजे गबाळेपणा, किंवा त्याहून वाईट काहीतरी. कामावरून काढून टाकायला तेवढं निमित्त पुरत असे.

आणि ते नाव? ‘देखणी मोलकरीण’. दोऱ्या बळकट, बस्क मजबूत, किंमत कमी, इथपर्यंत सगळं तिच्या सोयीचं. पण देखणी कुणाला दिसायचं? पायऱ्या खरवडणाऱ्या बाईला ताठ पाठ हवी होती ती बादली उचलायला. मालकिणीला हवी होती ती पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन येताना. कारखानदाराने दोन्ही गरजा हेरून एकाच डबीत बंद केल्या. मोलकरणीलाही सुंदर दिसावंसं वाटत असेलच, का वाटू नये? रविवारच्या सुट्टीत ती याच कॉर्सेटवर आपला एकुलता एक चांगला झगा घालून बाहेर पडत असेल. तिने हा कॉर्सेट घेतला तो जाहिरातीला भुलून, मालकिणीच्या सांगण्यावरून की दुकानात दोऱ्या बोटांनी दाबून, पारखून, हे कापड सांगत नाही. शिवणारी रोज रात्री ते हातात घेते, उलटसुलट पाहते. शिलाई कुठे आहे ते कळतं, का आहे ते कळतं, घालणारी काय म्हणत होती ते मात्र नाही.

प्रतिकृती काही महिने वापरली की तिच्यात एक फरक पडू लागतो. काखेखाली घामाचा पिवळट डाग धरतो. कमरेशी, जिथे बाई सर्वांत जास्त झुकते, तिथे दोऱ्यांवरचं कापड विरतं आणि आतली पांढरी दोरी डोकावू लागते. वरच्या कडेची लेस एका बाजूने उसवते. संग्रहालयातल्या काचेमागच्या मूळ नमुन्यापेक्षा आता ही प्रतिकृतीच खऱ्या मोलकरणीच्या कॉर्सेटसारखी दिसायला लागलेली असते. संग्रहालयात यातलं काही नोंदलेलं नाही, म्हणून चिकित्सक शिवणाऱ्या बायका वहीत लिहून ठेवतात. किती आठवड्यांनी काय विरलं, कोणत्या दोरीपासून सुरुवात झाली, कोणतं काम केलं की जास्त झिजतं. मग बेतताना उरलेल्या ड्रिलच्या तुकड्यांतून बोटभर पट्टी कापायची, कडा आत मुडपायच्या आणि विरलेल्या जागेवर बारीक टाक्यांनी ठिगळ लावायचं. सुई दोऱ्यांच्या थरांतून सहजासहजी जात नाही. अंगुस्तान घालावं लागतं.